सहानंतरचा वेळ कोणाचा?



कार्तिकी पौर्णिमा झाली, महासतीजींचा विहार झाला आणि स्थानक एकदम शांत झालं. चातुर्मासात चार महिने व्याख्यान, धर्मचर्चा, कोणाची अठाई, कोणाचं पारणं, कोणाकडे गीतं. घड्याळाकडे बघायला सवड नसते. आणि मग एका सकाळी वेशीपर्यंत पोचवून परत आलं, की पुढे काय हा प्रश्न पडतो. गेल्या आठवड्यात दोघीतिघींनी मला हेच विचारलं, म्हणून हा विषय घेतला.

माझं मत आधीच सांगून टाकते. थंडीतली संध्याकाळ ही आपल्या घरातल्या बाईला मिळालेली मोठी देणगी आहे, आणि ती आपण फुकट घालवतो. किंवा दुसऱ्यांना देऊन टाकतो.

मी बी.कॉम. केलेली बाई, हिशोब मांडल्याशिवाय राहवत नाही. जूनमध्ये आपल्याकडे सूर्य सातच्या पुढे मावळतो. चौविहार करून, भांडी-ओटा आवरून, प्रतिक्रमण होईपर्यंत झोपायची वेळ होते. डिसेंबरच्या सुरुवातीला मात्र सूर्य सहाच्या आतच जातो. म्हणजे पावणेसहाला पानं उचललेली. दहाला झोपायचं म्हटलं तर हातात चार तास. प्रतिक्रमणाचा एक तास वजा केला तरी तीन उरले. होळीपर्यंत १२० दिवस धरा, ३६० तास होतात. एवढा वेळ आपल्याला वर्षात दुसऱ्या कोणत्याही ऋतूत मिळत नाही. आजूबाजूच्या घरांमध्ये साडेआठला कुकर लागतो. रात्री न जेवण्याचा हा फायदा कोणी व्याख्यानात सांगत नाही, पण आहे.

आता खरी अडचण. चौविहार बाईचा असतो, ओटा मात्र रात्री दहापर्यंत चालू. दुकानातली माणसं पूर्वी साडेपाचला घरी येऊन जेवून परत जायची. आता मुलगा म्हणतो गिऱ्हाईक आहे, सून नोकरीवरून साडेसातला येते, नातवंडांचा क्लास आठला सुटतो. मग गरम पोळी कोणी करायची? जी सव्वासहाला मोकळी झालेली असते तिने. स्वतः पाणीसुद्धा न घेता ती दुसऱ्यांसाठी फोडणी घालत उभी असते. तिच्या ३६० तासांतले निम्मे असेच गेले.

मला यात सुनेची बाजूही दिसते बरं का. ती बिचारी दमून येते. पण गरम पोळीच पाहिजे हा हट्ट बहुतेक घरांत सुनेचा नसतोच, तो पुरुषांचा असतो. आमच्या घरी गेल्या थंडीपासून मी सरळ सांगितलं, की पावणेसहाला सगळ्यांचा स्वयंपाक होईल, डब्यात झाकलेला असेल, ज्याला उशिरा खायचं त्याने गरम करून घ्यावं आणि ताट घासून ठेवावं. पहिले आठ दिवस तोंडं वाकडी झाली. नंतर नातू स्वतःच म्हणाला, आजी, एक दिवस मीपण तुमच्याबरोबर लवकर जेवतो. त्याला कोणी उपदेश केला नव्हता.

एवढं करून वेळ मिळाला की दुसरा पहारेकरी येतो, तो म्हणजे आपल्याच बायका. "काय हो, टीव्ही बघत बसता? हा तर अनर्थदंड." मी दरवर्षी हे ऐकते, म्हणून यावर थोडं सविस्तर.

आठवं व्रत अनर्थदंड विरमण. विनाकारण होणारं पाप टाळायचं. त्याचे चार प्रकार आपण प्रतिक्रमणात रोज म्हणतो. अपध्यान म्हणजे मनात वाईट विचार घोळवणं, प्रमादाने वागणं, हिंसेची साधनं दुसऱ्याला देणं आणि पापाचा सल्ला देणं. त्यात "शांत बसून चांगलं काही पाहू-वाचू नये" असं मला तरी कुठे सापडलं नाही. उलट याच व्रताच्या पाच अतिचारांत एक आहे मौखर्य, म्हणजे वायफळ बडबड. पारावर, ओट्यावर, फोनवर तासभर कोणाच्या सुनेचं काय चाललंय हे बोलणाऱ्या बाईने मालिका बघणारीला अनर्थदंड शिकवावा, याची मला गंमत वाटते.

तरीही प्रश्न खोटा नाही. प्रत्येक मालिका सारखी नसते. माझी कसोटी एकच, टीव्ही बंद केल्यावर मन कुठे जातं? एकमेकींच्या दुधात काहीतरी कालवणाऱ्या, दाराआडून ऐकणाऱ्या बायकांच्या मालिका पाहिल्या की रात्री अंथरुणावरसुद्धा आपण कोणावर तरी चिडलेल्या असतो. ते अपध्यानच. त्या मी सोडल्या. जुन्या काळच्या मालिका मात्र मी मन लावून बघते.

आपल्या भागात तर त्यांचं प्रेम जास्तच. आमच्या गच्चीवरून शिवनेरी दिसतो. डॉ. अमोल कोल्हे आपल्या नारायणगावचे. २०१७ ते २०२० या काळात 'स्वराज्यरक्षक संभाजी' चालू असताना इथल्या गल्ल्या त्या वेळेला ओस पडायच्या. मला स्वतःला लढाया बघवत नाहीत. तलवारी निघाल्या की मी आवाज बंद करून वाती वळायला घेते. मला आवडतं ते वाड्याच्या आतलं. जिजाऊ काय बोलतात, येसूबाई कारभार कसा सांभाळतात. एवढ्या मोठ्या घराचं धान्य, पाहुणे, आजारपण, रुसवे कोण बघत होतं? इतिहासाच्या पुस्तकात ते नव्हतं, निदान आमच्या वेळच्या तरी.

आणि सगळ्यांत आवडती म्हणाल तर 'उंच माझा झोका', २०१२ मध्ये लागलेली. रमाबाई रानड्यांची गोष्ट. अकरा वर्षांची मुलगी लग्न होऊन येते, न्यायमूर्ती रानडे तिला शिकवायला लागतात, आणि घरातल्या बायकाच तिला टोचून टोचून हैराण करतात. पुरुषांनी अडवलं असतं तर एक वेळ कळलं असतं. बायका का अडवत होत्या? मी त्या भागांच्या वेळी आमच्या आत्याबाईंना शेजारी बसवत असे. माझ्या लग्नानंतर मी पेपर वाचायला घेतला की त्या म्हणायच्या, "बाजारभाव बघून तुला काय करायचंय?" त्या एक शब्द बोलल्या नाहीत, पण रोज वेळेवर येऊन बसायच्या.

मालिका संपल्यावर मी मूळ पुस्तक आणलं, 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'. रमाबाईंनी ते १९१० मध्ये प्रसिद्ध केलं, रानडे जाऊन नऊ वर्षं झाल्यावर. वर्षभर चालणारी मालिका आणि आठ संध्याकाळी संपणारं पुस्तक, यात मी पुस्तकाला जास्त गुण देईन. मालिकेत प्रत्येक टोमण्याला तीन वेळा ढोल वाजतो. पुस्तकात रमाबाई तेच इतक्या साधेपणाने सांगून पुढे जातात, की आपणच पान उलटायचं थांबतो. आपल्यापैकी ज्यांना मराठी वाचायची सवय सुटली आहे (घरात मारवाडी, मुलांचं इंग्रजी, आपलं मराठी कुठेतरी मधेच लटकलेलं) त्यांनी सुरुवात इथूनच करावी. त्यानंतर लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. धर्म वेगळा, पण हसू आणि रडू आपलंच. रणजित देसाईंची 'स्वामी' १९६२ ची, ती बहुतेकींनी दूरदर्शनवर पाहिलेली असते, म्हणून वाचलेली नसते. वाचा.

डोळ्यांचं काय, असं विचाराल. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या आम्ही तिघी आहोत. एकीने वाचायचं, दोघींनी ऐकायचं, हातात शेंगा सोलायला घ्यायच्या. रोज २० पानं होतात.

आता सकाळचं फिरणं. हा विषय आपल्या तालुक्यात साधा राहिलेला नाही.

जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके येतात, आणि चारही तालुक्यांत उसात बिबटे आहेत. थंडीत ऊसतोड चालू झाली, की त्यांचा आडोसा जातो आणि ते इकडेतिकडे दिसायला लागतात. फडात पिल्लं सापडतात. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यात पिंपरखेड-जांबूत भागात दोन लहान मुलं आणि एक वृद्ध बाई गेली. लोकांनी मंचरजवळ पुणे-नाशिक रस्ता अडवला. ज्या आईचं मूल गेलं तिच्यासमोर जाऊन अहिंसेवर बोलण्याची माझी छाती नाही, कोणाची असू नये. माणिकडोहला पकडलेल्या बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, तिथे ते जगतात याचं मला समाधान आहे, आणि शेतात राहणाऱ्या मजूर बायकांच्या झोपडीला पक्कं दार नाही याचं दुःखही आहे. दोन्ही गोष्टी एकाच मनात राहतात.

पण यामुळे आपण गावातल्या बायकांनी फिरणं बंदच करायचं, हे मला मान्य नाही. अंधारात जाऊ नका, हे वनखातं आज सांगतंय, आपल्या शास्त्राने केव्हाच सांगितलंय. पायाखालचं दिसत नसेल तर पाऊल टाकू नये, ही ईर्या समिती. पहाटे पाचला कानात गाणी घालून झपाझप चालणं हे शहरातल्या बागेत ठीक असेल. जानेवारीच्या मध्यात इथे सूर्य सात दहाच्या सुमारास उगवतो. नवकारशी येते त्यानंतर ४८ मिनिटांनी. हीच आपली फिरायची वेळ. चहा घ्यायचा नसतोच, घरात कोणी हाक मारत नाही. चौघी-पाचजणींनी मिळून, मोठ्याने बोलत किंवा नवकार म्हणत, उसाची कड सोडून मोकळ्या रस्त्याने जायचं. धुकं असेल तर त्या दिवशी नाही. साधू-साध्वीही धुक्यात बाहेर पडत नाहीत.

व्हॉट्सअ‍ॅपवर दर हिवाळ्यात फिरतं, की दवाने भिजलेल्या गवतावर अनवाणी चाला, डोळ्यांना चांगलं. आपल्यासाठी दव म्हणजे अप्काय जीव आणि गवत म्हणजे वनस्पतिकाय. मी पायवाटेनेच चालते. आणि सांगते, इरियावहियं लक्ष देऊन म्हणून बघा. जीव, बी, हिरवळ, दव, मुंग्यांची बिळं, शेवाळ, चिखल, कोळ्याची जाळी, यांवर पाय पडला असेल तर क्षमा. थंडीतल्या सकाळी बांधावर नेमकं हेच सगळं दिसतं, जाळ्यावर दवाचे थेंब लटकलेले असतात. ज्याने हे रचलं त्याने सकाळी सातला खाली वाकून रस्ता नीट पाहिला असणार. निसर्ग बघायला आणखी वेगळं काय शिकायचं?

वर बघायचं तर पाहुणे पक्षी असतात. धोबी शेपूट खालीवर करत पाटाच्या काठाने पळतो, कुंपणाच्या तारेवर गप्पीदास बसलेला असतो. मौखर्याची आठवण करून द्यायलाच त्याला हे नाव मिळालं असावं, असं आमच्यातली एक म्हणते.

माझं माहेर घोडेगाव. तिथे घोड नदीच्या काठाने चालताना बाजूला कांदा आणि बटाटा. सातगाव पठाराचा बटाटा, ओतूरचा कांदा, सगळ्या महाराष्ट्रात जातो आणि आपण दोन्ही न खाणारी माणसं त्याच्या मधोमध पिढ्यान् पिढ्या राहतो. शेतकरी बायका हसतात, मग आपल्याला मेथी आणि वाटाणा काढून देतात. डिंभे धरणात जुनं आंबेगाव बुडालं, तालुक्याला नाव तेवढं राहिलं. माझी आई ते गाव पाहिलेली. उन्हं आली की तिच्याकडून त्याच्या गल्ल्या ऐकणं, हाही माझ्या मते थंडीतला एक विरंगुळाच होता.

आणि ज्यांचे गुडघे साथ देतात त्यांनी एकदा भरउन्हात, दुपारच्या आधी, मानमोडीच्या डोंगराकडे जाऊन यावं. जुन्नरभोवती दीडशेहून जास्त लेणी आहेत, मूळ बौद्धांची. पण मानमोडीतल्या एका गटाला अंबिका हेच नाव आहे, कारण पुढच्या काळात तिथे आपल्या मूर्ती कोरल्या गेल्या. अंबिका म्हणजे नेमिनाथ भगवानांची शासनदेवी. जुन्नरमध्ये ४० वर्षं राहून ही लेणी न पाहिलेल्या बायका मला माहीत आहेत. पालिताण्याला मात्र तीनदा गेलेल्या.

आमचा पाचजणींचा गट सध्या मंगळवार आणि शुक्रवार निघतो. सूर्य वर आल्यावर, नवकारशीच्या आत परत. सहाव्या मैत्रिणीला जागा आहे. काठी घेऊन या, आणि घरी सांगून या की नाश्ता झाकून ठेवलाय.