रात्रपाळीची शेती आणि सर्पदंश

पावसाळा तोंडावर आला की वर्तमानपत्रांतून एक ठरलेला लेख येतो. साप शेतकऱ्याचा मित्र आहे, त्याला घाबरू नका, मांत्रिकाकडे जाऊ नका, वेळ न घालवता दवाखाना गाठा. यातलं एकही वाक्य खोटं नाही. तरीही हे लेख वाचून मला राग येतो. खेड्यातली माणसं सापाने मरतात ती अडाणीपणामुळे, चार व्याख्यानं दिली आणि पोस्टरं चिकटवली की प्रश्न सुटला, अशी समजूत त्यातून पक्की होते. ही समजूत चुकीची आहे आणि तिच्यापायी आपण पैसा आणि मेहनत भलत्या जागी घालतो. माणूस मांत्रिकाच्या दारात पोचतो तो साप चावल्यानंतर. त्याआधी तो कुठे होता, किती वाजता होता, पायात काय होतं, हे विचारायची तसदी कोणी घेत नाही.

शेतीपंपाची वीज आपल्याकडे पाळीने मिळते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की उसाला, गव्हाला, हरभऱ्याला पाणी द्यायला माणूस मध्यरात्री घराबाहेर पडतो. दारं धरायची म्हणजे नुसतं मोटर चालू करून बसणं नव्हे. एक सरी भरली की तिचं तोंड मातीने बांधायचं, पुढच्या सरीचं फोडायचं, पाट कुठे फुटला तर धावत जाऊन बुजवायचा. दोन्ही हात फावड्याला लागतात, म्हणून मोबाईलचा उजेड दातांत धरलेला. चिखलात चप्पल रुतते, म्हणून ती बांधावर काढून ठेवलेली. पाटाकडेचं गवत पोटरीपर्यंत, त्यात स्वतःचं पाऊल स्वतःला दिसत नाही. पाणी शिरलं की बिळांतून उंदीर बाहेर पडतात, बेडूक जमतात, आणि त्यांच्या मागावर साप येतो. विदर्भात रानडुकरांपासून पीक वाचवायला जागलीला जाणारा शेतकरी, कोकणात राखणीला बसणारा, पहाटे अंधारात फडात शिरणारी ऊसतोड जोडपी, यांची गत याहून निराळी नाही. या माणसांना साप विषारी असतो हे सांगायला बाहेरून कोणी यायची गरज नाही. ते जोखीम ओळखून जातात, कारण त्या रात्री गेलं नाही तर पीक हातचं जातं.

आता मांत्रिकाबद्दल. मी त्याची बाजू घेत नाही, घेणारही नाही. चावलेल्याला मारुतीच्या देवळात निजवणं, कडुनिंबाचा पाला चघळायला देऊन कडू लागतो का ते बघणं, यात जाणारा प्रत्येक तास जिवावर उठतो. पण लोक त्याच्याकडे का जातात, याचं उत्तर ‘अंधश्रद्धा’ एवढ्या एका शब्दात संपत नाही. आपल्याकडे माणसाला चावणाऱ्या सापांत धामण, दिवड, कवड्या असे बिनविषारी पुष्कळ. विषारी साप चावला तरी दर वेळी तो विष सोडतोच असं नाही. म्हणजे मांत्रिकाकडे नेलेल्यांतले बरेच जण काहीही न करता वाचणारच असतात, आणि ते वाचले की श्रेय त्याला जातं. शिवाय तो गावातच असतो, रात्री दोनला उठतो, आणि ‘इथे होणार नाही, पुढे न्या’ असं म्हणत नाही. ही त्याची खरी ताकद आहे. व्याख्यानाने ती मोडत नाही. गावाजवळच्या आरोग्य केंद्रात रात्री दोनला दार उघडलं आणि लस टोचली गेली, तर वर्षभरात मोडते.

२००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं दगावली, म्हणजे सरासरी वर्षाला ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला गेला. त्यातले सुमारे ७० टक्के मृत्यू आठ राज्यांतले होते. त्या आठांत महाराष्ट्र नाही. आमच्याकडे साप कमी आहेत म्हणून का? नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, चौघेही इथे नांदतात. आमचा शेतकरी त्या राज्यांतल्या शेतकऱ्याहून कमी देवभोळा आहे, असंही म्हणवत नाही. तालुक्याच्या गावी दवाखाना, रस्ता, २०१४ पासून धावणारी १०८ रुग्णवाहिका, यांनी इथे जीव वाचवले असं माझं मत आहे. आणि जिथे या गोष्टी पोचल्या नाहीत त्या अक्कलकुवा-धडगावसारख्या डोंगराळ भागात भगताचं महत्त्व टिकून राहिलं.

अंधश्रद्धेवर एवढं बोलणारे आपण, विज्ञानाच्या नावाने चालणाऱ्या भलत्या उपायांबद्दल मात्र गप्प असतो. जखमेवर ब्लेडने चिरा देऊन रक्त काढा, हे अजून सुशिक्षित घरांतून ऐकू येतं. अमेरिकेतले शिकारी विष ओढून काढणारा छोटा पंप पिशवीत बाळगायचे. तसले पंप आता आपल्याकडेही हौशी ट्रेकर मागवतात. २००४ साली अशा पंपाची माणसावर, विषाऐवजी निरुपद्रवी द्रव टोचून, तपासणी झाली. टोचलेल्या द्रवापैकी पंपाने बाहेर काढला ०.०४ टक्के, म्हणजे दहा हजार भागांतले चार. चिरा देण्याचं नुकसान तर उघड आहे. घोणशीच्या विषाने रक्त गोठेनासं होतं आणि केलेली चीर वाहतच राहते. दोरीने करकचून बांधणंही तसंच. रक्तपुरवठा तुटून पाय सडतो, आणि दवाखान्यात ती गाठ एकदम सोडली की अडलेलं विष एका दमात अंगभर जातं. घराभोवती कार्बोलिक अॅसिड शिंपडणाऱ्यांना एवढंच सांगतो की त्या वासाने साप घराबाहेर राहतो याला आधार नाही. उंदीर, जळण आणि विटांचा ढीग घरापासून लांब ठेवला तर मात्र फरक पडतो.

आणखी एक सल्ला भल्याभल्यांच्या तोंडी असतो: पाय आपटत चाला, साप बाजूला होतो. बऱ्याच सापांच्या बाबतीत हे खरं आहे, जमिनीचा हादरा त्यांना कळतो. पण घोणस त्यांतली नव्हे. जाड, सुस्त, अंगावर वाळल्या पाचोळ्यात मिसळून जाणारे तपकिरी ठिपके. ती पळून जाण्यापेक्षा पडून राहते. फार जवळ गेलात तर कुकरच्या शिट्टीसारखा फूत्कार करते, तोही दर वेळी नाही. कोकणातल्या कातळावर दगडाखाली वेटोळं घालून बसलेलं फुरसं तर हातभर लांबीचंही नसतं. मण्यारीपुढे पाय आपटण्याचा प्रश्नच येत नाही, कारण तिचा दंश बहुतेक वेळा जमिनीवर झोपलेल्या माणसाला होतो. तो दुखत नाही, खूण दिसेलच असं नाही. माणूस पहाटे पोट दुखतंय म्हणून उठतो, पापण्या जड होतात, थुंकी गिळवत नाही, आणि घरचे म्हणतात रात्री काहीतरी बाधलं असेल. निव्वळ सावध राहून या तीन सापांपासून बचाव होत नाही. त्यांच्या दातात आणि आपल्या कातडीत काहीतरी आडवं लागतं.

ते आडवं काय असावं, हे सांगायला मोठ्या शोधाची गरज नाही. सर्पदंश बहुतांशी पायाला होतो, गुडघ्याच्या खाली. तिथे रबरी गमबूट असला की दंशाचा मोठा भाग टळतो. गमबुटावर आक्षेप घेतला जातो की शेतकरी तो घालत नाही. हा आक्षेप मी फेटाळणार नाही, पण तो पुरता ऐकून घ्यायला हवा. लावणीच्या चिखलात गमबूट चालत नाही, पाय रुततो आणि बूट मागे राहतो. उन्हाळ्यात आत पाय शिजतो. बाईच्या मापाचा बूट तालुक्याच्या दुकानात मिळत नाही. पण लावणी हे वर्षातले काही दिवस आहेत. बांधावरून जाणं, कापसात-तुरीत शिरणं, गवत कापणं, रात्री पाणी देणं, जागलीला जाणं, यांत बूट चालतो. ब्रह्मदेशात घोणशीने भातशेतकऱ्यांचे फार बळी घेतले, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी ताउंगद्विंजी भागात हलके बूट बनवून शेतकऱ्यांना वापरायला दिले. कोरड्या रानात लोकांना ते चालले, चिखलात अडचणीचे ठरले. तेव्हा बुटाच्या आकारावर, वजनावर, बायकांच्या मापावर काम व्हायला हवं. आपल्या कृषी विद्यापीठांनी बियाण्यांवर जेवढा जीव लावला त्याच्या शतांशानेही तो या बुटावर लावलेला माझ्या पाहण्यात नाही.

बुटाबरोबर कपाळाला बांधायची विजेरी. उजेड दातांत धरण्यापेक्षा कपाळावर असला की दोन्ही हात मोकळे राहतात, आणि नजर जाईल तिथे उजेड जातो. गवताची पेंढी उचलण्याआधी, स्टार्टरच्या पेटीत हात घालण्याआधी काठी. घरात खाट, आणि खाट नसेल तर निदान मच्छरदाणी, चारी कडांनी अंथरुणाखाली नीट खोचलेली. नेपाळच्या तराईत झालेल्या पाहणीत मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंशाचा धोका कितीतरी कमी आढळला. मच्छरदाणी हिवतापासाठी वाटली जाते. मण्यारीसाठी ती तेवढ्याच हक्काने वाटली पाहिजे.

एवढ्याला पैसे कुठून आणायचे, असं कोणी विचारेल. सर्पदंशाने शेतकरी गेला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून त्याच्या घरच्यांना शासन २ लाख रुपये देतं. ही मदत योग्यच आहे, ती मिळालीच पाहिजे. पण गमबूट, विजेरी आणि मच्छरदाणी मिळून दीड-दोन हजारांच्या आत येतात. एका मृत्यूच्या मदतीत शंभर घरांचं संरक्षण होतं. मेल्यावर देण्याची तरतूद होते आणि जगण्यासाठी देण्याची होत नाही, हा अन्याय आहे. आणि मूळ दुखणं विजेच्या वेळेचं आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून दिवसा वीज देण्याच्या वचनावर उभी आहे. तिच्याबद्दल बोलताना युनिटचा दर, अनुदानाचा बोजा, मेगावॅट असलं बोललं जातं. दिवसा वीज ही सर्पदंश टाळणारी सगळ्यांत मोठी योजना आहे, हे आरोग्य खात्यातल्या कोणीतरी ऊर्जा खात्याला ठणकावून सांगायला हवं.

तरीही काही जणांना साप चावणारच. त्यांच्यासाठी घरच्यांचं काम थोडं आहे: चालू द्यायचं नाही, चावलेला पाय किंवा हात फळीला सैल बांधून स्थिर ठेवायचा, अंगठी-जोडवी काढायची, आणि निघायचं. साप शोधून मारून बरोबर न्यायची गरज नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर आपली लस एकच आहे. रुग्णवाहिकेला वेळ लागणार असेल तर मोटरसायकल, मध्ये रुग्ण आणि मागे त्याला धरून एक जण. नेपाळमध्ये दमकच्या आसपासच्या गावांत मोटरसायकलवाले स्वयंसेवक ठरवून ठेवले आणि लोकांना माहिती दिली, तर दंश झालेल्यांतलं मृत्यूचं प्रमाण १०.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आलं. तिथे माहितीचा उपयोग झाला, कारण त्या माहितीसोबत दारात गाडी उभी होती.

पुढचं काम आरोग्य केंद्राचं. कोरड्या, नव्या काचेच्या नळीत दोन मिलीलीटर रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग नळी तिरकी करून बघायची. रक्त पातळच राहिलं तर घोणशीच्या किंवा फुरशाच्या विषाची खात्री धरून लस सुरू करायची. साबणाने धुतलेली किंवा प्लॅस्टिकची नळी वापरली तर निकाल फसतो. विषबाधेची लक्षणं असतील तर सुरुवातीलाच आठ-दहा कुप्या लागतात, आणि लहान मुलालाही तेवढ्याच, कारण साप मूल बघून विष कमी सोडत नाही. लसीची अॅलर्जी होऊ शकते, तिला अॅड्रेनलिन आहे. ही रिअॅक्शनची भीती आणि ‘काही झालं तर नातेवाईक मारतील’ ही भीती मिळून अनेक केंद्रांवरून रुग्ण लस न देताच जिल्ह्याला पाठवला जातो. वाटेतल्या त्या दोन तासांत घोणशीचं विष मूत्रपिंड निकामी करतं. मण्यारीच्या विषाने श्वास थांबत आलेला माणूस नुसत्या हाताने दाबायच्या अंबू बॅगवर तासन्‌तास जिवंत ठेवता येतो, पण गाडीत ती बॅग दाबणारा माणूस हवा. नवा डॉक्टर घाबरतो याचा दोष मी त्याला देत नाही. त्याला तालुक्यातल्या अनुभवी डॉक्टरचा फोन रात्री लागला पाहिजे, आणि त्याने लस सुरू केली म्हणून गावाने त्याच्या पाठीशी उभं राहिलं पाहिजे.

केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे असं त्यात म्हटलं आहे. दिल्लीचा आराखडा गावात उतरतो तो कोणी विचारलं तरच. १ मेला ग्रामसभा असते, पाऊस त्यानंतर महिन्याभराने. त्या सभेत वैद्यकीय अधिकाऱ्यांना बोलावून विचारावं: आज केंद्रात लसीच्या किती कुप्या आहेत, त्यांची मुदत कधी संपते, रात्री कोण असतं, काचेच्या नळ्या आहेत का. आणि त्याच सभेत गावातल्या मोटरसायकलवाल्या चार पोरांची नावं आणि फोन नंबर आशाताईंच्या वहीत लिहून घ्यावेत, आणि रात्रीच्या पाळीला पाणी देणाऱ्या प्रत्येकाच्या पायाचं माप घेऊन बुटांचा ठराव मांडावा.