प्रियोळकर वाचायचे कोणी?

गोव्यातील इन्क्विझिशनचा विषय निघाला की आपल्याकडील तथाकथित पुरोगामी विद्वानांचा चेहरा कसानुसा होतो. स्पेनमधील धर्मन्यायालयावर तासभर व्याख्यान देणारी ही मंडळी मांडवीच्या तीरावर आली की अडखळतात आणि ‘जुन्या जखमा उकरू नका’ असा उपदेश सुरू करतात. तेथे घडला तो इतिहास आणि येथे घडला ती जातीयता, हा न्याय कोणत्या संशोधनपद्धतीत बसतो?

या मौनाला एका मराठी माणसाने १९६१ मध्येच उत्तर देऊन ठेवले आहे. अनंत काकबा प्रियोळकर (१८९५-१९७३) हे काही प्रचारक नव्हते. रघुनाथ पंडिताचे ‘दमयंती स्वयंवर’ आणि मुक्तेश्वराचे ‘आदिपर्व’ यांच्या पाठांची अक्षरशः छाननी करणारा हा संपादक. मुंबईच्या मराठी संशोधन मंडळाची धुरा त्यांनी वाहिली, १९५१ मध्ये कारवारच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले आणि १९५८ मध्ये भारतातील मुद्रणकलेचा इतिहास लिहिला. मुद्रणाचा मागोवा घेताना १५५६ मध्ये गोव्यात आलेल्या जेझुइटांच्या छापखान्यापाशी जावेच लागते आणि तेथून चर्चच्या दप्तरापर्यंतचे अंतर फारसे नसते. चर्चच्या इतिहासाकडे ते वळले ते असे, ग्रंथांच्या वाटेने.

‘द गोवा इन्क्विझिशन’ प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. १५६० ते १८१२ या काळात, १७७४ ते १७७८ ही चार वर्षे वगळता, हे न्यायालय चालले. सोळा हजारांहून अधिक खटले तेथे चालले, आणि न्यायालय बंद झाल्यावर त्याची बहुतेक दप्तरे नष्ट करण्यात आली. मग प्रियोळकरांनी आधार घेतला कशाचा? हिंदूंच्या दंतकथांचा नव्हे. १६७३ मध्ये दमणला पकडला गेलेला डॉक्टर देलाँ हा फ्रेंच आणि स्वतः कॅथलिक. गोव्याच्या धर्मपरिषदांचे ठराव छापले ते कुन्हा रिव्हारा यांनी, जे गोव्यातील पोर्तुगीज सरकारचेच मुख्य सचिव होते. ‘हा सारा प्रोटेस्टंटांचा अपप्रचार’ म्हणणाऱ्यांनी या साक्षीदारांचे काय करायचे ते एकदा सांगावे.

दुसरा आक्षेप अधिक चतुर आहे. इन्क्विझिशनचा अधिकार बाप्तिस्मा घेतलेल्यांवर होता, मग हिंदूंनी गळा का काढावा? पहिली गोष्ट, धर्मांतरात अडथळा आणल्याच्या आरोपाखाली हिंदूही तेथे ओढले जात. आणि बाप्तिस्मा घेतलेले तरी कोण होते? १७३६ चे फर्मान पाहावे. अंगणात तुळस, मिठावाचून शिजवलेला भात, लग्नातली गाणी, धोतर, चोळी हे सारे त्यात निषिद्ध ठरले आहे. दोन दोन पिढ्यांपूर्वी धर्म बदललेल्या घरांतून तुळस जात नव्हती, म्हणून हे फर्मान काढावे लागले. छळ झाला तो आपल्याच रक्ताच्या माणसांचा. म्हणूनच आजच्या गोव्यातील ख्रिस्ती बांधवांकडे या इतिहासाचे गुन्हेगार म्हणून बोट दाखविणे हे अज्ञान आहे. ते छळलेल्यांचे वंशज आहेत.

हे आपल्यापैकी काहींनाही ऐकवले पाहिजे. प्रियोळकरांचे नाव व्यासपीठावरून घ्यायचे, आकडे मात्र मनाचे फुगवायचे, हा प्रकार वाढला आहे. ज्याने एकेका अक्षरासाठी हस्तलिखिते पडताळली, त्याच्या नावावर अशी उधळपट्टी शोभत नाही. विरोधकाला एक चुकीचा आकडा पुरतो. तो शंभर खऱ्या आकड्यांवर बोळा फिरवतो.

वाशिम जिल्ह्यातील आसेगावात बसून गोव्याच्या त्या न्यायालयाची उठाठेव कशासाठी, असे कोणी विचारील. तर वऱ्हाडातल्या घराघरांत ज्या ओवीत पोथी वाचली जाते, त्याच ओवीत थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ छापले. सुमारे अकरा हजार ओव्या! ख्रिस्ताची कथा सांगायलाही त्याला पुराणाचा साज चढवावा लागला. आणि त्याच चर्चच्या छायेतील राजसत्तेने १६८४ मध्ये हुकूम काढला, की तीन वर्षांत लोकांनी आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी. भाषेचे सामर्थ्य ओळखणारे आणि तिची भीती बाळगणारे, दोघेही एकाच गोटातले. प्रियोळकरांचा मोठेपणा असा, की इन्क्विझिशनवर इतके लिहूनही त्यांनी या ख्रिस्ती मराठी वाङ्मयाला परके मानले नाही. सेंट अँथनीचे जुने चरित्र त्यांनी स्वतः संपादून छापविले. द्वेषाने लिहिणारा माणूस हे करील काय?

व्हॅटिकनने १९९८ मध्ये रोमच्या इन्क्विझिशनची दप्तरे अभ्यासकांना खुली केली. २००० मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी चर्चच्या लेकरांनी केलेल्या अपराधांबद्दल देवाची क्षमा मागितली. पोपना जे उच्चारता आले, ते उच्चारताना आमच्या विद्यापीठांतील सेक्युलर जिभा का जड व्हाव्यात?

त्यांचे सोडा. गोव्याच्या खटल्यांची १६२३ मध्ये तयार झालेली सूची लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आजही आहे. ती मुळातून वाचण्यासाठी प्रियोळकरांच्या पश्चात किती मराठी तरुण पोर्तुगीज शिकले?