रक्ताच्या कागदावरचा आकडा

मुळशी तालुक्यातून, पौडहून, एका भगिनींचे पत्र आले आहे. त्या लिहितात, "मामंजींचे स्वादुपिंडाच्या कॅन्सरचे ऑपरेशन पुण्यात झाले. आधी रक्तातला सीए १९-९ चा आकडा ४१० होता. दहाव्या दिवशी ९६ आला. कागदावर 'नॉर्मल ३७ पर्यंत' असे छापले आहे. घरात कुणी काही बोलत नाही. मामंजी किती दिवसांचे सोबती, हे यावरून कळते का?"

ताई, सरळच सांगते. एका माणसाचे दिवस या आकड्यावरून मोजता येत नाहीत. पण तो अगदीच निरर्थक आहे, असेही नाही बरं.

या रोगाच्या बहुतेक गाठींतून हा पदार्थ रक्तात उतरतो. गाठ काढली की आकडा घसरू लागतो, पण पुरता उतरायला काही आठवडे जातात. ४१० चे ९६ झाले, म्हणजे दिशा चांगली आहे. दहाव्या दिवशीच निकाल लावू नका. महिना-दोन महिन्यांनी तो ३७ च्या आत आला, तर लक्षण चांगले. १८० च्या वर राहिलेल्या रुग्णांना पुढचा काळ अवघड गेल्याचे दिसले आहे.

हा आकडा फसवतोही. कावीळ झाली, पित्ताची वाट अडली, तर कॅन्सर नसतानाही तो चढतो. उलट शंभरात पाच-दहा जणांच्या रक्तात हा पदार्थ जन्मतःच तयार होत नाही. रोग असूनही त्यांचा कागद निर्दोष दिसतो. म्हणून डॉक्टर इतर गोष्टीही पाहतात. गाठीच्या कडा स्वच्छ निघाल्या का? लिम्फच्या गाठींत रोग होता का? रक्तातले अल्ब्युमिन ३.५ च्या खाली तर नाही ना?

गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर २०१९ मध्ये याच रोगाने गेले. रोग कठीण आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पण शंभरातल्या पंधरा-वीस जणांचेच ऑपरेशन होऊ शकते. मामंजींचे झाले, ही जमेची बाजू.

आता तुमच्या हातातले सांगते:

१. तपासणी शक्यतो एकाच लॅबमध्ये करावी. कागद तारखेप्रमाणे फाइलला लावावेत.

२. आकडा उतरला म्हणून ठरलेली केमोथेरपी टाळू नये.

३. आंबेमोहराचा मऊ भात, मुगाचे वरण, अंडे, दही थोडेथोडे पाच-सहा वेळा द्यावे. पचनाच्या कॅप्सूल दिल्या असतील, तर त्या पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या, जेवण आटोपल्यावर नव्हे. शौच तेलकट होत असेल तर डॉक्टरांना सांगावे. साखरही तपासून घ्यावी.

४. डोळे पिवळे दिसले किंवा थंडी वाजून ताप आला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

आणि मामंजींपासून कागद लपवू नका. किती जाणून घ्यायचे, हे त्यांनाच विचारा. शेताची, घराची काही निरवानिरव मनात असेल, तर ती त्यांना शांतपणे बोलू द्या. पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारण्याचे प्रश्न दोघांनी मिळून वहीत लिहून ठेवा.