‘सिल्व्हर किंग’ची ‘नेक परवीन’ झाली तेव्हा

आगा हश्र काश्मिरी यांचं नाव निघालं की पाठोपाठ ‘हिंदुस्थानचा शेक्सपिअर’ ही पदवी येते. आम्ही उर्दूचे शिक्षकही ती वर्गात अभिमानाने सांगतो. माझ्या मते ही पदवी आता बाजूला ठेवावी. मोठेपण सिद्ध करायला राज्यकर्त्यांच्या नाटककाराचं नाव उसनं घ्यावं लागतं, यात गौरव कमी आणि दबलेपण जास्त आहे. शिवाय हश्र यांनी फक्त शेक्सपिअर उर्दूत आणला नाही. लंडनच्या बाजारात चालणारी साधी, रडवणारी नाटकंही त्यांनी घेतली. त्यांची करामत तिथे जास्त स्पष्ट दिसते.

‘सिल्व्हर किंग’चंच पाहा. हेन्री आर्थर जोन्स आणि हेन्री हर्मन यांचं हे नाटक १८८२च्या नोव्हेंबरात लंडनच्या प्रिन्सेस थिएटरात आलं. दारू-जुगारात बुडालेला विल्फ्रेड डेन्व्हर शुद्धीवर येतो तेव्हा समोर प्रेत असतं. खून आपल्याच हातून झाला असं समजून तो पळतो. तो ज्या आगगाडीत असल्याचं मानलं जातं, तिला अपघात होतो आणि जगाच्या लेखी तो मरतो. पुढे अमेरिकेत चांदीच्या खाणीत नशीब उघडतं. श्रीमंत होऊन तो परततो, हलाखीतल्या बायकोमुलांना शोधतो आणि खरा खुनी उघडा पाडतो. विल्सन बॅरेटने ही भूमिका गाजवली. तो आपली नाटकं घेऊन ऑस्ट्रेलियापर्यंत गेला. तिथे इंग्रजांच्या वस्त्या होत्या, त्यामुळे भाषा बदलायचं कारणच नव्हतं.

मुंबईची गोष्ट वेगळी होती. इथे पारशी मंडळींच्या कंपन्या १८७१पासून उर्दूत नाटकं करू लागल्या होत्या आणि प्रेक्षकांत सगळ्या धर्मांचे लोक बसत. या रंगभूमीसाठी लिहिणाऱ्या हश्र यांनी १९१०च्या सुमारास ‘सिल्व्हर किंग’ उर्दूत आणलं. यमकांनी बांधलेले संवाद, शेर, गाणी आणि विनोदी प्रवेश हा या रंगभूमीचा रिवाजच होता. पण खरा फरक नावात आहे. हे नाटक ‘नेक परवीन’ म्हणूनही ओळखलं गेलं. लंडनमध्ये नाटकाला नाव मिळालं ते नवऱ्याच्या चांदीवरून. इथे मान मिळाला तो घर सावरणाऱ्या बायकोला. याला नक्कल कसं म्हणायचं?

मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संशयकल्लोळ’ आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकावरून आलं, हे सगळ्यांना माहीत आहे. तरी त्याला कोणी उसनं म्हणत नाही. ते अस्सल मराठी नाटक मानलं जातं, आणि ते योग्यच आहे. मग तोच न्याय मुंबईच्या उर्दू रंगभूमीला का नको? मराठी रंगभूमीच्या इतिहासात ती बहुतेक वेळा पारशी थिएटरवरच्या एखाद्या परिच्छेदात आटोपते.

दोष फक्त इतरांचा नाही. आपल्या घरांतूनही नाटक म्हणजे शरीफ माणसाचं काम नव्हे, असंच सांगितलं गेलं. गझल सांभाळली, मुशायरा सांभाळला, नाटक मात्र सोडून दिलं. आज उर्दू शाळेतल्या मुलाला वाटतं की नाटक म्हणजे मराठीवाल्यांचं, आणि मराठी शाळेतल्या मुलाला वाटतं की उर्दू म्हणजे फक्त शायरी. दोघांच्याही हातून याच महाराष्ट्राचा एक वारसा निसटतो आहे.

उपाय अवघड नाही. स्नेहसंमेलनात उर्दू आणि मराठी शाळांनी मिळून हश्र यांचा एक प्रवेश आणि देवलांचा एक प्रवेश करावा. मुलांना पाठांतर जमेल, आणि प्रेक्षकांना कळेल की ही दोन्ही नाटकं एकाच मातीत रुजली. त्यासाठी शेक्सपिअरची शिफारस लागणार नाही.