सर्जन मुलीचं बाळ कोण सांभाळणार?

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतली एक मुलगी घरी आली होती. एमबीबीएस झालेली, पीजीच्या प्रवेशाला बसलेली. तिला जनरल सर्जरी घ्यायची आहे. सोबत तिची मावशी. मावशी म्हणाल्या, "ताई, तुम्हीच समजवा हिला. स्किन घे म्हणावं, पॅथॉलॉजी घे. उद्या लग्न होईल, लेकरू होईल. रात्री दोन वाजता ऑपरेशनला कोण जाणार?"

मावशींचा प्रश्न खोटा नाही. मी पनवेलमध्ये सर्जन आहे आणि माझी मुलगी 4 वर्षांची आहे. इथे एक्स्प्रेस वे जवळ, गोवा महामार्ग जवळ. अपघाताचा पेशंट घड्याळ बघून येत नाही आणि फुटलेलं अपेंडिक्स सकाळपर्यंत थांबत नाही. वयाचं गणितही आडवं येतं. इंटर्नशिप धरून एमबीबीएसची साडेपाच वर्षं, सरकारी कॉलेज असेल तर बाँडचं एक वर्ष, मग एमएसची 3 वर्षं. मध्ये नीट पीजीच्या अभ्यासात एखाददुसरं वर्ष जातं. ऑपरेशनला हात बसायला लागतो तेव्हा तिशी आलेली असते. मूल होण्याचं वयही तेच.

केंद्राच्या 1992 च्या रेसिडेन्सी योजनेत निवासी डॉक्टरला सलग 12 तास आणि आठवड्याला 48 तासांपेक्षा जास्त काम नसावं, असं लिहिलेलं आहे. मी शिकले तिथे सातव्या महिन्यात मी 30 तासांची ड्युटी केली. बसायला स्टूल मागितलं तर एक सिनियर म्हणाले, "आत्ताच मूल हवं होतं का?" पुरुष सहकाऱ्याला बाळ झालं तेव्हा त्याच सरांनी पेढे वाटायला लावले.

पण मी निभावलं ते माझ्या हिमतीवर, असं कुणी सत्कारात म्हणालं की मला अवघडल्यासारखं होतं. मुलगी वाढवली माझ्या आईने. आयुष्यभर लोकांच्या घरची धुणीभांडी केली आणि म्हातारपणी पुन्हा लेकरू कडेवर घेतलं. माझ्या नोकरीची किंमत तिच्या गुडघ्यांनी मोजली. म्हणून "आजी आहे की" हे उत्तर मला आता पटत नाही.

नवऱ्याचं काय? माझे यजमान शिक्षक आहेत. पहिले सहा महिने ते "मदत" करत होते. मग एका रात्री मी थिएटरमध्ये असताना मुलीला ताप चढला. औषध किती मिली द्यायचं, हे विचारायला त्यांनी मला 4 फोन केले. घरी आल्यावर मी म्हटलं, हे तुम्हाला पाठ हवं. तेव्हापासून लसीकरणाचं कार्ड त्यांच्याकडे आहे. मदत वेगळी आणि जबाबदारी वेगळी.

तरी हा प्रश्न एका घराचा नाही. 1928 साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी मांडलं होतं की, बाळंतपणाआधी व नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे. त्याचा भार सरकारने उचलावा आणि बाईच्या श्रमावर नफा कमावणाऱ्या मालकालाही त्यातून सुटका नसावी. 1929 मध्ये तो कायदा झाला. 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे पगारी रजा आली, आणि 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. आता आपल्या भागातल्या मोठ्या दवाखान्यांत जाऊन पाळणाघर कुठे आहे, ते विचारा. ते लागतं फक्त सर्जनला नाही. त्याच दवाखान्यात लादी पुसणारी आपलीच भगिनी असते, तिचं बाळही शेजारणीकडे असतं. मागणी दोघींनी मिळून केली तर व्यवस्थापनाला ऐकावं लागेल. तोवर दुपारी बंद असलेला विहाराचा हॉल आपण पाळणाघराला का देऊ नये?

मावशींना मी कामाला जाणाऱ्या आईची आणखी एक गोष्ट सांगितली. पहिले 6 महिने बाळाला फक्त आईचं दूध. हात धुऊन, उकळून घेतलेल्या झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात ते काढून ठेवता येतं. सावलीच्या गार जागी 4 तास टिकतं, उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत त्याहून कमी. फ्रीजमध्ये आतल्या बाजूला 24 तास. गॅसवर तापवायचं नाही, गरम पाण्यात भांडं ठेवून कोमट करायचं आणि वाटी-चमच्याने पाजायचं. बाटली नको.

मुलीला मी सर्जरी घे असंच सांगितलं. लग्नाआधी मुलाला रात्रपाळीबद्दल स्पष्ट विचार, हेही सांगितलं. मावशी काही बोलल्या नाहीत. चप्पल घालताना मात्र थांबल्या. त्यांची सून तळोजा एमआयडीसीत पॅकिंगला जाते, बाळ 3 महिन्यांचं आहे.

"ताई, ते दूध ठेवायचं परत एकदा सांगा," त्या म्हणाल्या.