टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन हा चळवळीचा प्रश्न कसा नाही?

"पोरांची शिष्यवृत्ती अडकलीय, वस्तीत पाणी नाही, अ‍ॅट्रॉसिटीच्या केसेस पडून आहेत आणि तुम्ही हे लिंगबदलाचं काय काढलंय?" ट्रान्स पुरुषांचा विषय निघाला की हा सवाल हमखास येतो. विचारणारे आपलेच असतात, म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

आधी विषय समजून घेऊ. जन्मावेळी मुलगी म्हणून नोंद झालेली, पण स्वतः पुरुष असलेली व्यक्ती म्हणजे ट्रान्स पुरुष. तृतीयपंथी म्हटलं की आपल्याला सिग्नलवर आणि रेल्वेच्या डब्यात दिसणारी माणसं आठवतात. ट्रान्स पुरुष दिसतच नाही, कारण तो घरात 'मुलगी' म्हणून कोंडलेला असतो आणि बरेचदा त्याच्या लग्नाची बोलणी चालू असतात.

त्यातले अनेकजण टेस्टोस्टेरॉन सुरू करतात. आपल्याकडे बहुधा दर दोन ते चार आठवड्यांनी स्नायूत इंजेक्शन घ्यावं लागतं. काही महिन्यांत पाळी थांबते, आवाज फुटतो, दाढी-मिशी येऊ लागते. एकदा फुटलेला आवाज औषध बंद केलं तरी पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. रक्त दाट होण्याचा धोका असतो, म्हणून पहिल्या वर्षी साधारण दर तीन महिन्यांनी रक्ततपासणी लागते. पाळी थांबली तरी गर्भ राहू शकतो, आणि पुढे मूल हवं असेल तर डॉक्टरांशी आधीच बोलावं लागतं. म्हणजे हा जबाबदारीनं करायचा दीर्घ उपचार आहे.

आता आक्षेप घेऊ. पहिला आक्षेप, हे श्रीमंत सवर्ण पोरांचं फॅड आहे. पैसेवाल्या घरातला ट्रान्स पुरुष खासगी एंडोक्रिनोलॉजिस्टकडे जातो, मानसोपचारतज्ज्ञाची चिठ्ठी आणतो, लॅबची बिलं भरतो, घरच्यांनी हाकललं तर भाड्यानं खोली घेतो. वस्तीतल्या ट्रान्स पुरुषाला यातलं काय परवडतं? मग तो जिममधल्या ओळखीवर इंजेक्शन मिळवतो आणि रक्त न तपासता अंदाजानं टोचून घेतो. गरज दोघांनाही आहे, डॉक्टर एकालाच मिळतो. कुणाला मिळणार हे पैसा आणि जात ठरवते. आपण 'हे आपलं नाही' म्हणतो तेव्हा सवर्णांचं काहीच अडत नाही. मरतो तो आपलाच पोरगा.

दुसरा आक्षेप, बाबासाहेबांचा याच्याशी काय संबंध? बाबासाहेबांनी ट्रान्स पुरुषांवर लिहिलं असा दावा मी करत नाही. पण र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य'मध्ये वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं देत होते म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा 1934 मध्ये त्यांचं वकीलपत्र घेऊन कोण उभं राहिलं? बाबासाहेबच. खटला हरले, पण शरीराबद्दल प्रश्न विचारणं हा गुन्हा नाही, ही बाजू त्यांनी सोडली नाही. डिसेंबर 1927 मध्ये महाडला त्यांनी आपल्या स्त्रियांना सांगितलं की जात ओळखू येईल असा पेहराव टाका. अंगावर लादलेली खूण उतरवायला त्यांनीच शिकवलं. 1935 साली येवल्यात केलेली घोषणा 1956 मध्ये नागपुरात पूर्ण केली. जन्मानं चिकटवलेलं नाकारण्याचा हक्क माणसाला आहे, हाच त्या 21 वर्षांचा धडा आहे. जात आणि लिंग एकच नाहीत. पण 'जन्मानं जे ठरलं ते निमूट भोगा' हे सांगणारा आवाज दोन्हीकडे एकच आहे. तो मनूचा आवाज आपल्या तोंडून का यावा?

तिसरा आक्षेप, कायदा झालाय, आता आणखी काय हवं? 15 एप्रिल 2014 च्या नालसा निकालात सर्वोच्च न्यायालयानं आपलं लिंग आपण ठरवण्याचा हक्क मान्य केला आणि आरक्षण द्यायला सांगितलं. 2019 च्या कायद्यानं मात्र 'पुरुष' असा दाखला हवा असेल तर शस्त्रक्रियेचा पुरावा मागितला. 2020 च्या नियमांनी वैद्यकीय उपचारांत हार्मोन धरले, तरी दाखल्याची किल्ली जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडेच ठेवली. त्याच कायद्याच्या कलम 15 मध्ये हार्मोन उपचारांची सोय करणं सरकारचं काम आहे असं लिहिलंय. कागदावरचं हे कलम तुमच्या जिल्हा रुग्णालयात कुठल्या खिडकीवर मिळतं, एकदा विचारून या.

आणि आपल्या पोरांपुढे आणखी एक फास आहे. शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, सगळं जुन्या नावानं. नवं नाव घ्यावं तर जात पडताळणी समितीपुढे पुन्हा उभं राहा, न घ्यावं तर दाढी असलेल्या माणसानं मुलीच्या नावाचा कागद दाखवत फिरा. सवर्ण ट्रान्स पुरुषाला हा फास नाही. म्हणूनच तामिळनाडूतल्या ग्रेस बानू यांच्यासारख्या दलित ट्रान्स कार्यकर्त्या समांतर आरक्षण मागतात, म्हणजे अनुसूचित जातीतल्या ट्रान्स व्यक्तीला तिच्याच प्रवर्गात जागा. कर्नाटकनं 2021 मध्ये सरकारी नोकऱ्यांत एक टक्का समांतर आरक्षण दिलं. फुले-शाहू-आंबेडकरांचं नाव घेणाऱ्या महाराष्ट्रानं त्याच्या मागे का राहावं?

म्हणून मागण्या स्पष्ट ठेवू. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात हार्मोन उपचार आणि रक्ततपासण्या मोफत मिळाव्यात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार यावा. नाव बदललेल्या व्यक्तीचा जातीचा दाखला नव्यानं पडताळणी न लावता दुरुस्त करून मिळावा. समांतर आरक्षण लागू व्हावं. सामाजिक न्याय विभागाच्या वसतिगृहात ट्रान्स पुरुषांना सुरक्षित जागा मिळावी.

यातलं काही व्हायच्या आधी आपल्याला करता येईल असंही आहे. शाखेतला एखादा पोरगा नवं नाव सांगेल, तेव्हा त्याच नावानं 'जय भीम' घाला. घरचे त्याला बुवाबाबाकडे नेत असतील तर चार कार्यकर्त्यांनी जाऊन थांबवा. तपासणीला सोबत हवी असेल तर दवाखान्यात जा. शिष्यवृत्तीच्या आणि अ‍ॅट्रॉसिटीच्या लढ्यात तोही घोषणा देत असतो. त्याच्या लढ्यात आपला आवाज कुठे आहे, याचं उत्तर आपण द्यायचं आहे.

जय भीम!