पान नंबर नको, पाठाचा पत्ता द्या!



आता आपल्यापैकी बरेच जण स्वतःच्या टिपणांचं, स्वाध्यायांचं ई-बुक बनवतात. वर्डमध्ये टाइप करायचं, पीडीएफ किंवा ई-पब करायचं आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकायचं. चांगलीच गोष्ट आहे. पण त्यात 'पान 24 वरील तक्ता पाहा' हे वाक्य तसंच राहतं आणि मुलांची अडचण तिथूनच सुरू होते.

ई-पबमध्ये पान ठरलेलं नसतंच. अक्षर मोठं केलं की पानं वाढतात, मोबाइल बदलला की पुन्हा बदलतात. पीडीएफमध्ये पानं छापल्यासारखीच राहतात, पण बालभारतीचं पुस्तक मोबाइलवर उघडून बघा. मुखपृष्ठ, प्रतिज्ञा, प्रस्तावना हीसुद्धा पानं म्हणून मोजली जातात. त्यामुळे पुस्तकावर छापलेलं 24 आणि स्क्रीनवर दिसणारं 24 वेगळं!

छापील पुस्तकातही पान कायमचं नसतं. 2023-24 पासून पाठ्यपुस्तकं चार भागांत आली, त्यांत नोंदींसाठी कोरी पानं घातली गेली. पुढे 2025-26 पासून तो निर्णय मागे घेतला गेला. पाठ तेच असले तरी पानं सरकली. आता एकाच वर्गात कुणाकडे दादाचं जुनं पुस्तक, कुणाकडे नवं, तर कुणाकडे फक्त मोबाइल. मग 'पान 24' म्हणजे नेमकं कोणतं?

यावर उत्तर आपल्या मराठीत फार जुनं आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या जांब गावी जन्मलेल्या समर्थ रामदासांचा दासबोध घ्या. 20 दशक, प्रत्येकात 10 समास. दशक, समास आणि ओवीचा क्रमांक सांगितला की प्रत कुणीही छापलेली असो, जागा सापडते. पान विचारावंच लागत नाही.

आपणही तेच करूया. प्रत्येक पाठाला, तक्त्याला, कृतीला क्रमांक द्या आणि 'पाठ 5, तक्ता 2 पाहा' असं लिहा. पाठाच्या नावाला वर्डमधली हेडिंग स्टाइल लावा आणि संदर्भाला लिंक जोडा, म्हणजे बोट लावलं की मूल थेट तिथे पोहोचेल.

काही जण म्हणतील, लहान मुलांना पान नंबरच सोपा पडतो. वर्गात सगळ्यांच्या हातात एकच पुस्तक असेल तेव्हा ते खरंच आहे, तिथे तोंडी खुशाल सांगा. ई-बुकमध्ये मात्र आधी पाठाचा पत्ता द्या, छापील पान कंसात द्या. ई-पबमध्ये मूळ छापील पानांच्या खुणा ठेवायचीही सोय असते. स्क्रीन रीडरवर ऐकून शिकणाऱ्या दृष्टिहीन मुलाला त्यामुळे वर्गासोबत राहता येतं.

हे काम अर्ध्या तासाचं आहे, पण ते आपण केलं नाही तर भार घरी जातो. दिवसभर कापूस वेचून आलेली आई रात्री मोबाइलवर मुलासोबत ते पान शोधत बसते. सापडलं नाही की अभ्यास तिथेच थांबतो, आणि दुसऱ्या दिवशी आपण विचारतो, "गृहपाठ का नाही केला रे?"

पुढचं ई-बुक पाठवण्याआधी त्यात 'पान' हा शब्द एकदा शोधून बघा.